माझ्या गुडघ्याचं जाहीर गाऱ्हाणं

गुडघ्याचा पट्टा आणि घडीची काठी मी बायकोच्या नकळत बॅगेतून काढली, सोफ्यामागे सरकवली, त्या जागी बाकरवडीची पाकिटं भरली आणि मालवणला निघालो.

ह्याला मूर्खपणा म्हणतात हे आता मान्य आहे. तेव्हा मात्र तो मला मुत्सद्दीपणा वाटला होता. सुलभाचं, म्हणजे माझ्या बायकोचं माहेर मालवणच्या उत्तरेला, सडा, म्हणजे कातळाचं माळरान, संपून जिथं एकदम समुद्र लागतो तिथल्या एका वाडीत. आम्ही पुण्यात राहतो. मी निवृत्त झाल्यापासून तिच्या मनात एकच आहे: दिवाळी झाली की वाडीत जायचं आणि शिमगा करूनच परतायचं, दरवर्षी. यंदा तिच्या धाकट्या भावाच्या, आबाच्या शेजारचं एक बंद घर भाड्यानं मिळण्यासारखं होतं. सुलभा म्हणाली, "आठ दिवस राहून बघू. तुमचा पाय तिथं चालला तर घेऊ घर. नाही चालला, तर राहू दे."

हे 'राहू दे' फार वाईट असतं. सुलभा भांडत नाही, रुसत नाही. 'राहू दे' म्हणते आणि मग तो विषय घरातून असा नाहीसा होतो, की आपण उंबऱ्यात त्याला शोधत बसतो. शिवाय खरं सांगायचं तर घर मलाही हवं होतं. पुण्यात माझा दिवस सोफ्यावर सुरू होऊन सोफ्यावर संपत होता. मासळीही तिथं बर्फातून येते आणि चव बर्फातच ठेवून येते.

आता पाय. उजवा गुडघा. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला, "झीज आहे," म्हणाले, आणि मला व्यायाम शिकवणाऱ्या एका मुलीकडे पाठवलं. तिनं शिकवलं, की गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं. पाय सरळ ठेवून उचलायचा. रोज सपाटीवर थोडं थोडं चालायचं. उकिडवं बसायचं नाही आणि एका जागी फार वेळही बसायचं नाही. "काका, गुडघ्याला जपायचं म्हणजे त्याला सोफ्यावर नेऊन ठेवायचं नाही," असं ती वर हसून म्हणाली. पायऱ्यांसाठीही तिनं एक नियम दिला होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मी मान डोलावली. ह्या सगळ्यातलं बसणं तेवढं मी मनापासून केलं.

कसाल

बसनं आम्हाला सकाळी कसालला महामार्गावर सोडलं. सोडलं सुलभाला, मी दारातच होतो. रात्रभर घडी घालून ठेवलेला माझा पाय उघडेना. जुनी छत्री कशी काडीपर्यंत येऊन अडते, तसा तो अर्ध्यात अडला. मागचे प्रवासी माझ्या पाठीला बॅगा टेकवून उभे. शेवटी कंडक्टरनं माझं बखोट धरलं आणि गुळाची ढेप उतरवावी तसं मला खाली ठेवलं.

आबा गाडी घेऊन आला होता. मी खाली वाकून दोन्ही हातांनी पोटरी चोळत होतो, तेवढ्यात तो समोर आला.

"इलास, भावोजी? काय शोदतास?"

"चपलेचा बंद सुटलाय."

आबानं माझ्या चपलांकडे पाहिलं. "हेका बंद खंय आसा?"

"तेच शोधतोय," मी म्हणालो.

सुलभा बॅगा मोजत होती. तिनं ऐकलं नाही असं मी धरून चाललो. ह्या प्रवासात मी अशा पुष्कळ गोष्टी धरून चाललो. धरायला काठी तेवढी नव्हती.

पायऱ्या

आबाचं घर रस्त्याच्या खाली आहे हे मला लग्नापासून माहीत होतं. पण लग्नात मी ते धावत उतरलो होतो. रस्त्यापासून वाडीपर्यंत जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्या आहेत. किती ते सांगत नाही, कारण प्रत्येक खेपेला निम्म्यात आकडे संपून तोंडात शिव्या सुरू झाल्या. एक पायरी वीतभर, दुसरी हातभर, तिसरी नावालाच. बाजूला धरायला काही नाही. कठडा का नाही असं मी विचारलं तर आबा म्हणाला, "कोण पडाक नाय अजून."

मी त्या मुलीचा नियम आठवला आणि तो उलटा आठवला. उतरताना चांगला पाय आधी टाकला. म्हणजे मागे राहिलेल्या दुखऱ्या गुडघ्यानं सगळा देह पेलून, वाकून, खाली सोडायचा. तिसऱ्या पायरीवर डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मला एक युक्ती सुचली. मी तोंड रस्त्याकडे केलं आणि उलटा, शिडीवरून उतरावं तसा उतरू लागलो.

"भावोजी, ह्या काय?"

"नारळ बघतोय. वर बघत उतरलं की माडांचे शेंडे काय सुंदर दिसतात!"

खालून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन वर येत होती. ही शेवंता काकी, आबाची शेजारीण. वयानं माझ्याहून मोठी, गुडघे माझ्याहून वाईट, आणि दोन्हीबद्दल माझ्याहून मोठ्यानं बोलणारी. प्रत्येक पायरीला "मेलंय गे बाय" म्हणत होती आणि चढत होती. तिनं माझी पाठ बघितली.

"कोण गो ह्यो? फाटीफुडे येता तो?"

"आमचे हे," सुलभा म्हणाली. "नारळ बघतायत."

तिचा आवाज अगदी साधा होता. मला वाटलं, पटलं तिला.

पाट

पुण्यात पाहुण्याला खुर्ची देतात आणि खायला विचारतात. इथं विचारत नाहीत, वाढतात, आणि बसायला पाट देतात. आबाच्या घरी टेबल आहे, पण त्यावर टीव्ही, इस्त्री आणि कोकमं वाळवायची सुपं असतात. जेवण जमिनीवर. जावयाला पाट मानाचा, भिंतीपासून दूर, मधोमध.

बसलो कसा, तर पडलो. ते लोकांना मांडी घालण्याचा प्रकार वाटला. जेवण मात्र असं, की पंधरा मिनिटं मी गुडघा विसरलो. बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळाचा तो जिभेला झिणझिण्या आणणारा स्वाद. तळलेले सौंदाळे. उकड्या तांदळाचा भात. सोलकढी. मग सगळे उठायला लागले आणि मला गुडघा आठवला.

सर्वांदेखत उठायचं तर आधी ओणवं व्हायचं, मग हाताने काहीतरी धरायचं. धरायला समोर फक्त भाताचं पातेलं होतं. तेव्हा मी ठरवलं, सगळे उठून जाईपर्यंत जेवत राहायचं.

"थोडा भात," मी म्हणालो.

आबाची बायको खूश. ती बसून राहिली. ती बसली म्हणून आबा बसला. पुन्हा भात, पुन्हा तिखलं, तिसऱ्यांदा सोलकढी. मला घाम फुटला तो तिखटाचा समजून तिनं भात वाढला. अखेर बाहेर कुणीतरी हाक मारली, सगळे खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात गेले, आणि मी रांगत खांबापर्यंत जाऊन उभा राहिलो. त्या दिवसापासून माझी कीर्ती झाली. रोज माझ्यासाठी वेगळं पातेलं. व्यायामाच्या मुलीनं वजन उतरवायला सांगितलं होतं, ते मी पाटावर बसून रोज चढवत होतो.

हंयसरच

ह्या जिल्ह्यात अंतर सांगायचा एकच शब्द आहे, 'हंयसरच'. म्हणजे इथंच. देऊळ हंयसरच, दुकान हंयसरच, समुद्र तर हंयसरच. पुण्यात पत्ता विचारला तर माणूस आपल्याकडे गुन्हेगारासारखं बघतो, पण अंतर बरोबर सांगतो. इथं माणूस काम टाकून आपल्यासोबत निघतो आणि मग ते 'हंयसर' संपत नाही. पहिल्या संध्याकाळी मी आबाबरोबर हंयसरच असलेलं एक तळं बघायला गेलो. परत आलो तेव्हा गुडघ्याची वाटी नारळाएवढी झाली होती. रात्री सुलभा झोपल्यावर मी तिला मलम लावलं, वाटीला. वासानं सुलभानं कूस बदलली. "कसला वास येतोय?" तिनं विचारलं.

"निलगिरीचं झाड असेल बाहेर."

"असेल," ती म्हणाली. मग बराच वेळ ती जागी होती असं मला वाटलं. पण विचारलं असतं तर बोलणं निघालं असतं, म्हणून मी घोरायला लागलो.

सकाळी बाकरवडी काढली. समुद्राच्या हवेनं ती वातड झाली होती. सुलभानं एक तुकडा मोडायचा प्रयत्न केला, तो नुसता वाकला. "ही कशाला भरली होतीत?" तिनं विचारलं. "जागा होती म्हणून," मी म्हणालो. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मी चहाची तारीफ करू लागलो.

रापण

किनाऱ्यावर एका सकाळी रापण लागली होती. रापण म्हणजे होडीनं समुद्रात मोठं जाळं अर्धवर्तुळात सोडायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे. ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीचा वाटा. पाहुणा असो, वाटसरू असो.

मी दोराला हात लावला. आणि मित्रहो, काय सांगू, दुखेना! ओल्या, घट्ट वाळूवर दोर धरून उलटं उलटं चालायचं. उलटं चालण्याचा सराव मला पायऱ्यांवर झालाच होता. आजूबाजूला "ओढ रे, ओढ!" चाललेलं. मी सर्वांच्या वरताण ओरडत होतो. मला वाटलं, संपलं दुखणं. घर घ्यायचं. उद्याच चावी मागायची.

जाळं आलं. बांगडे, पेडवे, दोन चिडलेले खेकडे. सगळी मंडळी मासळीभोवती उकिडवी बसली आणि निवडायला लागली. मीही बसलो.

चटकन बसलो. गुडघ्यातून सुपारी फोडल्यासारखा आवाज आला. शेजारच्या माणसानं खेकड्याकडे बघितलं.

निवडणं झालं, वाटे झाले, लोक उठले. मी बसून. माझ्यापुढे माझा वाटा ठेवला गेला. मी बसून. ज्याची रापण होती तो माणूस घुटमळला, त्यानं माझ्या वाट्यात आणखी दोन बांगडे टाकले. मी बसूनच. त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, पुण्याचा माणूस अडून बसलाय.

शेवंता काकी टोपली भरून चालली होती. ती कडाडली, "ओ जावयानू, वाटो गावलो मां? मगे उठा! आणि किती व्हये?"

"मला मासे नकोत," मी कळवळून म्हणालो. "मला उठायचंय!"

आबा आणि दुसरा एक जण, दोघांनी मला काखेत हात घालून उचललं. मी आबाला शपथ घातली. "सुलभाला सांगू नकोस."

"नाय सांगणा," आबा म्हणाला. आणि त्यानं शब्द पाळला. सांगायची गरजच नव्हती, अख्ख्या किनाऱ्यानं पाहिलं होतं.

दुपारपर्यंत वाडी माझ्या गुडघ्यावर लोटली. पुण्यात माझा गुडघा माझा खासगी होता. इथं तो सार्वजनिक झाला. जो येई तो दाबून बघे. एकानं एरंडेल आणलं. दुसऱ्यानं सांगितलं, चालूच नका. तिसऱ्यानं सांगितलं, अनवाणी डोंगर चढा. शेवंता काकीनं निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून, मी नको म्हणत असताना बांधला आणि तो इतका गरम होता की गुडघा दुखायचा राहून भाजायला लागला. "लागता मां बरा?" तिनं विचारलं. फोड आला तरी ती "बरा लागता" म्हणत राहिली.

सुलभा हे सगळं दारात उभी राहून पाहत होती. मी म्हणालो, "लोक उगाच... जरासा मुरगळलाय."

"हो का," ती म्हणाली. आणि आबाला हाक मारून आत गेली. दोघं बराच वेळ कुजबुजत होती.

देवळात

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा म्हणाला, "भावोजी, चला, देवाक गाऱ्हाणा घालूया." मला वाटलं, नव्या घराचं असेल. गाऱ्हाणं ही इथली मोठी न्यारी रीत. मनातलं जे काय असेल ते गावातला मानकरी माणूस देवासमोर उभा राहून खड्या आवाजात सांगतो, आणि जमलेली सगळी मंडळी वाक्यावाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. आमच्याकडे आपण देवाच्या कानात पुटपुटतो, शेजाऱ्यालाही कळू देत नाही. इथं देवाला आणि गावाला एकदमच कळतं.

मी हात जोडून उभा राहिलो. मानकरी तात्यांनी घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो तुझ्या लेकीचो घोव, पुण्याचो जावई, तुझ्या दारात उभो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही जोरात म्हणालो.

"तेचो उजवो गुडघो झिजलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"डाक्टरान पट्टो दिल्यान, काठी दिल्यान, व्यायाम सांगल्यान, आणि ह्येना पट्टो नि काठी सोफ्याच्या फाटी लपवन ठेवल्यान रे म्हाराजा!"

सोफा? सोफ्याचं ह्यांना कुणी सांगितलं? मी वळून पाहिलं. बायकांच्या रांगेत सगळ्यात पुढे सुलभा उभी होती, आणि सगळ्यात मोठ्यानं "व्हय म्हाराजा!" तिनंच म्हटलं.

तात्यांना आता रंग चढला होता. "आणि तेच्या जागेर बाकरवडी भरल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ हसत होतं.

"कोणी इचारल्यान तर नारळ बगतंय म्हणान सांगल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर म्हाराजा, ह्येका बुद्धी दी! सकाळ-सांज व्यायाम करीन, पट्टो बांदीन, झेपता तितक्याच चलान, खुर्चीर बसान जेवान, आणि दुखला तर बायलेक 'दुखता' म्हणान सांगान, असा ह्यो आज तुझ्यासमोर कबूल करता रे म्हाराजा!"

ह्यावेळचं 'व्हय म्हाराजा' माझ्यासाठी राखलेलं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुण्यातल्या डॉक्टरला मी दर महिन्याला सहज खोटं सांगत आलो होतो. इथं जमेना.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर सुलभानं आपल्या पिशवीतून पट्टा काढला. काठीही काढली. निघताना खिडकी लावायला ती सोफ्यामागे वाकली होती.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून..."

"रोज रात्री वाट बघत होते, आज तरी बोलाल म्हणून. तुम्ही घोरायला लागायचात." ती पट्टा उलगडत होती. "त्या घराला मी कालच 'नको' म्हणून कळवलंय. राहू दे."

झालं. जे होऊ नये म्हणून मी हा सगळा उपद्व्याप केला, ते त्या उपद्व्यापानंच झालं. सुलभा पट्ट्याची पट्टी पुन्हा पुन्हा लावत होती आणि काढत होती, माझ्याकडे न बघता. मी देवळाच्या पायरीवर बसून पाय पुढे केला. म्हणालो, "दुखतं. फार दुखतं. सकाळी उठताना आणि उतरताना जास्त. पण ओल्या वाळूवर चालताना दुखत नाही. मला राहिलेले दिवस दे. मग नाही म्हण."

तिनं पट्टा बांधला, गरजेपेक्षा घट्ट.

उरलेले दिवस

त्यानंतर माझ्यावर पहारा बसला. सकाळी खाटेवर पाय उचलायला लागलो की खिडकीतून आवाज येई, "भावोजी, दुसरो पाय ऱ्हवलो!" ओल्या वाळूवर थोडं चालून टेकलो की जाळं विणणारा विचारी, "झेपता तितक्याच मां?" आणि जास्त चाललो तर तोच ओरडे, "बस झाला! देवाक काय सांगलास?" जेवायला टीव्ही खाली आला, मी टेबलाशी, आणि आबाची बायको निराश, कारण मी आता एका भातात उठू लागलो. पाटावरच्या माणसाची ती भूक कुठं गेली, हे तिला अजून कळलेलं नाही.

गुडघा बरा झाला म्हणत नाही. झिजलेलं ते झिजलेलंच. सकाळी तो अजून कुरकुरतो. पण कुरकुरत उघडतो. रात्री मी "दुखतंय" म्हणतो, सुलभा "कुठं?" विचारते, आणि एवढ्यानंच निम्मी रात्र सोपी जाते, हे मान्य करताना मला फार चीड येते.

शेवटच्या दिवशी बॅगा भरताना सुलभा आबाला म्हणाली, "पायऱ्यांका लोखंडी कठडो घाल. मगे त्या घराचा बगूया." आबा माझ्याकडे बघून डोळा मिचकावत म्हणाला, "आता पडणारो इलो आसा, घालूकच व्हयो."

मी हवेत होतो. पट्टा बांधलेला, हातात काठी. पायऱ्यांशी आलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या मुलीचं शास्त्र सांगू लागलो. "हे बघा, नियम असा आहे. चढताना चांगला पाय आधी, मग काठी आणि दुखरा पाय." एक पायरी चढलो, थांबलो, वळून समजावलं. दुसरी चढलो, पुन्हा वळलो. मध्येच लक्षात आलं की एवढ्या दिवसांत भार पेलून पेलून आता डावाही ठणकतोय. मी एक पाय हवेत धरून विचारात पडलो, ह्यातला आता चांगला कुठला?

मागून धापा टाकल्याचा आवाज आला. शेवंता काकी डोक्यावर नारळांची टोपली घेऊन माझ्या खालच्या पायरीवर अडकून उभी होती. तिच्यामागे सुलभा, तिच्यामागे आबा, बॅगा घेऊन.

"ओ जावयानू," काकी म्हणाली, "तुमचो चांगलो पाय खंयचो ता गाडीत बसान ठरवा. आदी बाजूक व्हा, माका बाजारात जावचा आसा."